घरातला समुद्र

हार्बर मार्गाच्या गाडीने आपण कधी वडाळ्याकडे गेला असाल, तर रे रोड आणि शिवडी यांच्यामध्ये कॉटन ग्रीन नावाचे लहानसे स्टेशन लागते. इथे उतरणारा नवखा माणूस हमखास विचारतो, "इथे कापूस कुठे आहे, आणि हिरवं तरी काय आहे?" त्याचा काही दोष नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी पोर्ट ट्रस्टने माझगाव ते शिवडी या किनाऱ्याला समुद्रात भराव घालून जमीन काढली, आणि पुढे कुलाब्याचा कापसाचा व्यवहार इकडे आणला. त्या व्यवहाराबरोबर कुलाब्याचे जुने नावही इकडे आले. तेव्हा आज आम्ही जिथे राहतो, भाजी आणतो, गाडीची वाट पाहतो, तिथे एके काळी समुद्राचेच पाणी होते.

हा समुद्र आमच्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर असूनही आम्हांला सहसा दिसत नाही. मधे गोदामे आहेत, रूळ आहेत, भिंती आहेत. दिसतो तो शिवडीच्या जेट्टीवर गेल्यावर, आणि तोही निळा नव्हे. ओहोटीला मैलभर चिखल, आणि हंगामात त्या चिखलात मान खाली घालून चरणारे रोहित पक्षी. असा हा आमचा समुद्र. त्यामुळेच की काय, निळ्या, निवळशंख समुद्राची मला लहानपणापासून फार हौस. 1951 साली मरीन ड्राइव्हवर सुरू झालेले तारापोरवाला मत्स्यालय वडिलांनी मला दाखवले, त्या दिवसापासून ती हौस अंगात भिनली. मी शाळामास्तर, पगार बेताचा. तरीसुद्धा वयाच्या चाळिशीत मी घरात दोन फूट लांबीची काचपेटी ठेवली, आणि तिच्यात खाऱ्या पाण्याचा समुद्र केला. त्या समुद्रात एक प्रवाळ होते. ते कसे जगले आणि कसे मेले, आणि त्यापासून मी काय शिकलो, हे आज आपल्याला सांगायचे आहे.

प्रवाळ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पहिल्यांदा येते ते पोवळे. मंगळाचे रत्न म्हणून अंगठीत घालतात ते. ते पोवळे लाल असते आणि त्याची जात वेगळी. मी म्हणतो ते प्रवाळ ताटलीसारखे असते. शास्त्रज्ञ त्याला फंजिया म्हणतात. या नावाचा संबंध अळिंबीशी आहे, कारण अळिंबी उलटी धरली की तिच्या छत्रीखाली जशा पातळ पातळ पाकळ्या मध्यापासून कडेपर्यंत गेलेल्या दिसतात, तशाच चुन्याच्या पाकळ्या या ताटलीवर असतात. लक्षद्वीप आणि अंदमानच्या समुद्रात ही प्रवाळे आढळतात.

बहुतेक प्रवाळे म्हणजे हजारो लहान जीवांची चाळ. प्रत्येकाची खोली लहान, भिंती एकमेकांना लागून. हे ताटली प्रवाळ मात्र बहुधा एकट्या जीवाचे बिऱ्हाड. हातभर नव्हे, पण वीतभर रुंदीचा तो एकच प्राणी असतो, आणि त्याला मध्यभागी एकच तोंड असते. लहानपणी तो एका देठावर खडकाला चिकटून वाढतो. चकती पुरेशी मोठी झाली की देठापासून सुटते आणि वाळूवर येऊन पडते. तिथून पुढे जन्मभर तो मोकळा. अंगावर वाळू पडली, तर पाणी भरून अंग फुगवतो आणि वाळू झटकून टाकतो. लाटेने उलटा झाला, तर पुष्कळदा हळूहळू आपला आपण सुलटा होतो. दगडासारखी दिसणारी ही वस्तू रातोरात चार बोटे सरकलेली पाहिली, म्हणजे पाहणाऱ्याची झोप उडते. माझी उडाली होती.

त्याच्या जेवणाची व्यवस्थाही पाहण्यासारखी आहे. त्याच्या मांसल अंगात डोळ्यांना न दिसणारी शेवाळी राहतात. ती उजेडावर साखर तयार करतात आणि त्यातला मोठा वाटा घरमालकाला देतात. मालक त्यांना आसरा देतो. शिवाय स्पर्शिका पसरून पाण्यातले बारीक जीव तो स्वतःही पकडतो. अंगाला जो तपकिरी, हिरवा रंग दिसतो, त्यात या भाडेकरूंचा हात मोठा. ते निघून गेले, की खालचा पांढरा चुना दिसू लागतो. यालाच प्रवाळ पांढरे पडणे म्हणतात.

आता माझी हकिगत सांगतो. ही गोष्ट 1998 सालची. एका दुकानातून मी हे प्रवाळ विकत आणले. ते कोणत्या समुद्रातून आले, कोणी काढले, हे दुकानदाराने सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. त्या वेळी प्रवाळे वन्यजीव कायद्याच्या यादीत नव्हती. पण कायद्यात नसले तरी विचारायला काय हरकत होती, हा प्रश्न मला पुढे पुष्कळ छळत राहिला. त्याकडे मी मागाहून येतो.

पेटीत साधारण पन्नास लिटर पाणी होते. पाणी थंड ठेवण्याचे यंत्र मला परवडण्यासारखे नव्हते, म्हणून मी पेटीच्या तोंडावर एक छोटा पंखा लावला होता. माठातले पाणी ज्या कारणाने गार राहते, त्याच कारणाने पंख्याने पेटीतले पाणीही दोनतीन अंशांनी उतरते. पण वारा लागला की पाणी उडते. दिवसाला जवळजवळ एक लिटर पाणी कमी होई. ते मी रोज भरून काढत असे. त्यासाठी दोन पांढरे कॅन ठेवले होते. एकात गाळून शुद्ध केलेले गोडे पाणी, रोजच्या भरीसाठी. दुसऱ्यात मीठ मिसळलेले पाणी, आठवड्याचे पाणी बदलण्यासाठी. दोन्ही कॅन एकसारखे. मला ते पाठ होते, म्हणून वर चिठ्ठी लावण्याचे कधी मनात आले नाही.

त्या वर्षी कोकण रेल्वे नुकतीच पूर्ण सुरू झाली होती. मे महिन्यात सगळा लालबाग-परळ गावी निघाला, तसे आम्हीही निघालो. आमचे गाव मालवणजवळ. पेटी सांभाळण्याचे काम मी शेजारच्या काकूंना सांगितले. "काकू, पाणी ह्या खुणेच्या खाली गेलं, की कॅनमधलं घाला. बाकी काही करू नका." काकू म्हणाल्या, "मास्तर, तुम्ही निश्चिंत जा. माझ्या हातून चुकायचं नाही."

आणि खरोखरच त्यांच्या हातून चुकले नाही. दहा दिवस त्यांनी न चुकता, दुपारच्या उन्हात जिना चढून, रोज लिटरभर पाणी घातले. घातले ते हाताशी आलेल्या पहिल्या कॅनमधले. त्या कॅनमध्ये खारे पाणी होते.

आपण हिशेब करून पाहा. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे पस्तीस ग्रॅम मीठ असते. माझ्या पन्नास लिटर पाण्यात सतराशे पन्नास ग्रॅम मीठ होते. पाणी उडाले तरी मीठ उडत नाही. ते पेटीतच राहते. त्यात रोज एक लिटर खारे पाणी पडले, म्हणजे रोज पस्तीस ग्रॅम मिठाची भर पडली. दहा दिवसांत साडेतीनशे ग्रॅम. सतराशे पन्नासाचे एकवीसशे झाले, आणि पाणी तेवढेच. लिटरला पस्तीसऐवजी बेचाळीस ग्रॅम. वरून मुंबईचा मे महिना. बिचाऱ्या प्रवाळाने काय करावे!

मी मालवणच्या समुद्रात डुंबत होतो, आणि इकडे दोन फुटी समुद्र आटत चालला होता. परत येऊन पाहिले, तर ताटलीवरचे मांस आक्रसून गेले होते. कडेने पांढऱ्या पाकळ्या उघड्या पडल्या होत्या आणि त्यांवर तपकिरी बुळबुळीत थर आला होता. काकू दारात उभ्या होत्या. त्यांचा चेहरा पडला होता. "मी रोज घातलं हो मास्तर. मीठ कमी पडलं का?" मी म्हटले, "काकू, मीठ जास्त झालं." मग मी त्यांना दोन कॅनचा प्रकार सांगितला. त्या क्षणभर गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "अहो, आमटी आटली की आपण साधंच पाणी घालतो. मीठ घातलेलं पाणी कोण घालतं? एवढं एक वाक्य मला सांगितलं असतंत तर!"

मी मुलांना पंधरा वर्षे बाष्पीभवन शिकवले होते. फळ्यावर आकृती काढून, बाण दाखवून. पण जिच्यावर एक जीव सोपवला, त्या बाईला मी ते सांगितले नाही. तिला ते मुळात ठाऊकच होते. फक्त आमटी आणि काचपेटी यांचा संबंध मी तिला जोडून दिला नाही. चूक तिची नव्हती, कॅनची नव्हती. माझी होती.

चार दिवस मी वाट पाहिली. काही हालचाल दिसेना. पाचव्या दिवशी ती ताटली वर्तमानपत्रात गुंडाळली आणि कचऱ्यात टाकली. ही माझी दुसरी चूक, आणि ती पहिलीहून मोठी. पुढे काही वर्षांनी मला वाचायला मिळाले, की ताटली प्रवाळ मेल्यासारखे दिसले तरी त्याच्या सांगाड्याच्या फटीत मांसाचे एखादे कण जिवंत राहू शकते. पाणी नीट राखले, तर कित्येक आठवड्यांनी, कधी महिन्यांनी, त्या पांढऱ्या सांगाड्यावर बटणाएवढी लहान लहान पिल्ले उगवतात. ती देठावर वाढतात, मोठी होतात, आणि सुटी होऊन आपापल्या वाटेला लागतात. मी वाट पाहिली पाच दिवस. पाहायला हवी होती निदान तीन महिने. माझ्या ताटलीवर पिल्ले आली असती की नाही, हे आता कोणालाच सांगता येणार नाही.

हे सगळे पुन्हा आठवण्याचे कारण असे. माझा भाचा अमेरिकेत असतो. तिथे परवान्याने आणलेली किंवा पेटीतच वाढवलेली प्रवाळे दुकानात रीतसर मिळतात. त्याने एक ताटली आणली आणि मला फोन केला. "मामा, तुम्ही पाळलं होतं ना? काय काय सांभाळू?" त्याला जे सांगितले, तेच थोडक्यात इथे सांगतो. परदेशी राहणाऱ्या आपल्या मंडळींना ते उपयोगी पडेल. इथल्या मंडळींना, आपण ज्याला शोभेचा दगड समजतो त्याला जगायला काय काय लागते, एवढे तरी कळेल.

पहिली गोष्ट जागेची. ही ताटली खडकावर ठेवू नये. दिसायला ती खडकावर छान दिसते, पण रात्री अंग फुगवून सरकते आणि खाली पडते. खरखरीत दगडावर तिच्या खालच्या बाजूचे कोवळे मांस फाटते, आणि एकदा जखम झाली की ती चिघळत जाते. तिची जागा वाळूवर. वाळू बारीक, आणि भोवती चारी बाजूंनी चार चार बोटे मोकळी जागा. कारण ती दिवसा आहे त्याच्या दीडपट फुगते, आणि फुगून शेजारच्या प्रवाळाला टेकली, तर एकाला तरी इजा होते. उचलताना मांसाला धरू नये, खालून तळहाताचा आधार द्यावा. पाण्याबाहेर काढण्याआधी तिला आक्रसून घ्यायला वेळ द्यावा, नाही तर पाण्याच्या वजनानेच मांस फाटते.

दुसरी गोष्ट उजेडाची आणि प्रवाहाची. उजेड मध्यम असावा. नवीन आणलेल्या ताटलीला एकदम प्रखर दिव्याखाली ठेवणे म्हणजे दिवाणखान्यात वाढलेल्या माणसाला भर दुपारी गच्चीवर उभे करणे. दिवा हळूहळू, दोनतीन आठवड्यांत वाढवावा. पाण्याला प्रवाह हवा, पण सौम्य. स्पर्शिका डुलताना दिसल्या पाहिजेत, एका बाजूला झोपलेल्या दिसता कामा नयेत.

तिसरी गोष्ट पाण्याची. उष्णता पंचवीस-सव्वीस अंश बरी, अठ्ठावीसच्या वर जाऊ देऊ नये. मीठ लिटरला पस्तीस ग्रॅम. ताटली आपला सांगाडा चुन्याचा करते, म्हणून पाण्यात कॅल्शियम लिटरला चारशे ते साडेचारशे मिलिग्रॅम हवे. मॅग्नेशियम तेराशेच्या आसपास हवे. पाण्याची क्षारकता जर्मन अंशांत आठ-नऊ असावी. या आकड्यांपेक्षाही महत्त्वाची गोष्ट म्हणजे ते आकडे आज एक आणि उद्या दुसरे असे होऊ नयेत. प्रवाळाला थोडे कमी-जास्त सोसते. अचानक झालेला बदल सोसत नाही. आठवड्याला दहावा भाग पाणी बदलावे. नळाचे पाणी तसेच कधी घालू नये, त्यात क्लोरिन असते. माशांना रोग झाला म्हणून तांब्याचे औषध तर मुळीच घालू नये. त्याने मासा वाचेल, प्रवाळ जाईल. आणि उडालेले पाणी भरून काढायचे ते गोड्या पाण्याने. दोन कॅन ठेवायचे असतील तर एक निळा घ्यावा आणि एक पांढरा, आणि दोहोंवर मोठ्या अक्षरांत लिहावे. भाच्याला मी हे तीन वेळा सांगितले.

चौथी गोष्ट खाण्याची. आठवड्यातून एकदोनदा कोळंबीचे अगदी बारीक तुकडे द्यावेत. संध्याकाळी स्पर्शिका बाहेर आल्या, की पंप दहापंधरा मिनिटे बंद करावा आणि तुकडे हळूच तोंडाजवळ सोडावेत. पंप पुन्हा चालू करण्याचे विसरू नये. मासे आणि शंखातले खेकडे हे तुकडे पळवतात, म्हणून पाहत बसावे. जास्त खाऊ घालणे हा प्रेमाचा प्रकार असला, तरी उरलेले अन्न कुजून पाणी नासते.

पाचवी गोष्ट धीराची. नवी पेटी भरल्यावर लगेच प्रवाळ आणू नये. घाणीतला विषारी अमोनिया पचवणारे सूक्ष्म जीव पेटीत वाढायला महिना-दीड महिना लागतो. ताटलीसाठी त्याहून जास्त थांबावे. आणि ताटली आजारी दिसली, पांढरी पडली, तरी टाकू नये. पाणी राखावे आणि वाट पाहावी.

शेवटी मी भाच्याला विचारले, "वीज गेली तर काय करशील?" तो हसला. म्हणाला, "मामा, इथे सहसा जात नाही." आम्हांलाही तसेच वाटत होते. 12 ऑक्टोबर 2020 रोजी सकाळी सगळी मुंबई अचानक अंधारात गेली आणि कित्येक तास वीज आली नाही. प्रवाह थांबला, की अशा पेटीतला प्राणवायू काही तासांत उतरतो. बॅटरीवर चालणारा हवेचा छोटा पंप जवळ असला, तर समुद्र वाचतो.

आता इथल्या वाचकांसाठी एक स्पष्ट गोष्ट. हे सगळे वाचून आपल्यापैकी कोणाला वाटेल, आपणही एक ताटली आणावी. तर ती आणू नये. 2001 साली आपल्या सरकारने सगळी दगडी प्रवाळे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातली. वाघ ज्या यादीत आहे, त्याच यादीत. 2022 च्या दुरुस्तीनंतरही ती तिथेच आहेत. त्यांचा व्यापार हा गुन्हा आहे, आणि शिक्षा तीन ते सात वर्षे कैदेची आहे. जिवंत प्रवाळच नव्हे, वाळलेले पांढरे प्रवाळ शोभेला विकणे हाही त्यातच येतो. कोणी "बाहेरून आलंय, कागद आहेत" असे सांगितले, तरी विश्वास टाकू नये. आणि कोणाच्या घरी आधीच असेल, तर ते विकू नये, आणि चांगल्या हेतूने समुद्रातही नेऊन सोडू नये. पेटीतला रोग समुद्रात जातो. वन खात्याच्या कार्यालयात जाऊन विचारावे.

आपल्याला हा कायदा कडक वाटेल. मलाही आधी वाटला. पण 1998 च्या त्या मे महिन्यात, माझी ताटली मरत होती त्याच दिवसांत, लक्षद्वीपच्या समुद्रातली प्रवाळे मोठ्या प्रमाणावर पांढरी पडून मरत होती. त्या वर्षी समुद्राचे पाणी तापले होते. तिथे कोणी काकू नव्हत्या आणि कॅन नव्हते. कारण एवढेच, की पाणी काही आठवडे सोसवेल त्याहून दीडदोन अंशांनी गरम राहिले, आणि अंगातले भाडेकरू निघून गेले. असेच 2010 साली झाले, 2016 साली झाले, आणि 2024 साली पुन्हा झाले. लक्षद्वीपची बेटे मुळात प्रवाळांनीच बांधलेली. ज्याच्या पायाखालची जमीन प्रवाळाची आहे, त्याला हा हौसेचा प्रश्न नाही. अशा वेळी समुद्रात उरलेल्या प्रवाळांतले एक आपल्या दिवाणखान्यात आणावे का, हे ज्याने त्याने मनाशी विचारावे. मी 1998 साली विचारले नाही.

मग हौस कशी भागवायची? गोड्या पाण्याची पेटी ठेवावी. तिच्यात पाणवनस्पती लावाव्यात, छोटे मासे सोडावेत. ती सांभाळायला हाच धीर लागतो आणि तितकाच आनंद मिळतो. प्रवाळे पाहायची असतील, तर मालवणला जावे. तिथल्या समुद्रातला काही भाग 1987 पासून सागरी अभयारण्य आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास जाणत्या माणसाबरोबर पाण्यात तोंड घालून पाहिले, की खाली प्रवाळे दिसतात. फक्त त्यांवर उभे राहू नये, हात लावू नये. विजयदुर्गाच्या पश्चिमेला शंभर किलोमीटरहून जास्त अंतरावर समुद्राच्या पोटात प्रवाळांचे एक मोठे पठार आहे. त्याचे नाव आंग्रे बँक, आपल्या कान्होजी आंग्र्यांवरून पडलेले. आरमाराच्या सरखेलाचे नाव प्रवाळांच्या पठाराला मिळावे, ही गोष्ट मला फार आवडते.

आणि इतके लांबही जायला नको. पुष्कळांना खरे वाटत नाही, पण खुद्द मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यावर प्रवाळे आहेत. हाजीअलीला आहेत, वरळीला आहेत. आमच्या शिवडीकडे नाहीत, कारण खाडीच्या गाळाने प्रवाळाचे अंग झाकले जाते आणि गढूळ पाण्यात उजेड पोचत नाही. पण पश्चिमेच्या किनाऱ्यावर, त्या घाण पाण्यातसुद्धा, काही जातींनी तग धरला आहे. किनारी रस्त्याच्या कामाच्या वाटेत येणारी वरळी-हाजीअलीची प्रवाळे 2020 साली गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या देखरेखीखाली उचलून कुलाब्याकडे नेव्ही नगरच्या बाजूला नेऊन लावली. कायद्याच्या यादीत ती होती, म्हणूनच हे करावे लागले. नाही तर भरावाखाली गेली असती, आणि कोणाला पत्ताही लागला नसता. ज्या शहराने आमची कॉटन ग्रीनची जमीन भराव घालून काढली, त्या वेळी खाली काय गाडले गेले, याची नोंद कोणी ठेवली होती?

मुंबईच्या किनाऱ्यावरचे जीव दाखवायला 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' या गटाची मंडळी 2017 पासून ओहोटीच्या वेळी लोकांना घेऊन जात आली आहेत. मी एकदा हाजीअलीच्या खडकांवर सकाळी सहा वाजता उभा होतो. एका मुलाने बोट दाखवले. खडकाच्या खळग्यात, रुपयाच्या नाण्याएवढे, मळकट रंगाचे काही तरी होते. तो म्हणाला, "हे प्रवाळ." मी खाली वाकून बराच वेळ पाहिले. दिसायला काही सुंदर नव्हते. पण जिवंत होते, आणि ते सांभाळायला कोणाच्या पंख्याची किंवा कॅनची गरज नव्हती. गरज होती ती पाणी फार न तापण्याची, आणि आपण त्यावर पाय न देण्याची.

घरी आल्यावर मी शेजारी डोकावलो. काकू आता फार थकल्या आहेत, पण आठवण शाबूत आहे. मी त्यांना म्हटले, "काकू, आज मुंबईत प्रवाळ पाहिलं." त्यांनी विचारले, "पाणी कोण घालतं त्याला?" मी म्हटले, "कोणी नाही. भरती घालते." त्या म्हणाल्या, "मग बरं आहे. ती चुकायची नाही."